माझं नाव त्यांच्या भिंतीवर

माझं स्वतःचं मेडिकल सुरू होऊन आता चार महिने झाले. गाळा, कपाटं, फ्रिज, शॉप अ‍ॅक्ट हे सगळं पंधरा दिवसांत उरकलं होतं. किरकोळ विक्रीच्या दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते, माझा गाळा १२ चा, म्हणून नकाशालाही हरकत आली नाही. अडलं ते भलत्याच ठिकाणी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

औषधविक्री परवान्याच्या ऑनलाइन अर्जात माझा फार्मासिस्ट नोंदणी क्रमांक घेईना. औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेले. तिथल्या लिपिकांनी संगणकात पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं नाव एका दुकानावर चालू आहे. ते कमी झाल्याशिवाय इथे लागणार नाही." ते दुकान म्हणजे मी सहा वर्षं नोकरी केली तेच. राजीनामा देऊन दोन महिने उलटले होते.

दुकानातला फार्मासिस्ट बदलला की परवानाधारकाने महिन्याच्या आत कळवायचं, अशी परवान्याचीच अट आहे. मालकांनी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत चिठ्ठीवरच्या औषधांची विक्री थांबवावी लागली असती.

मी तिकडे गेले. भिंतीवर माझ्या प्रमाणपत्राची रंगीत झेरॉक्स फ्रेममध्ये जशीच्या तशी. काउंटरवर एकटा मुलगा, माझ्या वेळी माल लावायचा तोच. समोर एक आजी संधिवाताच्या गोळ्या घेत होत्या. पाकिटावर त्याने लिहिलं, "रोज रात्री १". मी चिठ्ठी मागून घेतली. औषध मेथोट्रेक्सेट होतं आणि डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा, दर रविवारी, असं स्पष्ट लिहिलं होतं. ही गोळी रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, माणूस दगावतोसुद्धा. मी पाकीट बदललं, मोठ्या अक्षरात "फक्त रविवारी" लिहिलं आणि आजींकडून दोनदा म्हणून घेतलं. मग बिल पाहिलं. खाली फार्मासिस्ट म्हणून माझं नाव छापलेलं होतं.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला कोणी शिकवलं नव्हतं आणि ते त्याचं कामही नव्हतं. औषध कायद्याने नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं, ते अशाच पाकिटांसाठी.

मालक आले. म्हणाले, "ताई, दोन-तीन महिने राहू द्या की नाव. दर महिन्याला काहीतरी देतो तुम्हाला. सगळीकडे चालतं." सगळीकडे चालतं हे मलाही ठाऊक आहे. सोबत शिकलेल्या कितीतरी जणींची प्रमाणपत्रं अशी भाड्याने लागलेली आहेत. मी नाही म्हटलं. मग ते फोन उचलेनात.

कार्यालयात मी स्वतः अर्ज दिला, राजीनाम्याची प्रत जोडली. उत्तर मिळालं, मालकाकडून यायला हवं. पुढच्या वेळी साहेब दौऱ्यावर. त्याच्या पुढच्या वेळी माझा अर्ज सापडेना. इकडे गाळ्याचं भाडं सुरू होतं, म्हणून आधीच सांगते: जुन्या दुकानावरून नाव कमी झाल्याची खात्री होईपर्यंत भाडेकरार करू नका. आणि राजीनामा कधीही तोंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर देऊ नका. दोन प्रती काढा, एकीवर मालकाची सही, शिक्का, तारीख घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि त्याच दिवशी औषध प्रशासनाला प्रत द्या. मला वाचवलं ते त्या पोस्टाच्या पावतीनेच.

चौथ्या खेपेला मी नवा अर्ज लिहिला. माझ्या गैरहजेरीत माझ्या नावाने बिलं फाटत आहेत, हे त्यात मांडलं आणि त्या दिवशीच्या एका बिलाची प्रत लावली. आवक क्रमांक मिळेपर्यंत खिडकीवरून हलले नाही. नऊ दिवसांत निरीक्षक तिकडे जाऊन आले. अकराव्या आठवड्यात नाव निघालं. घरी आल्यावर मी खूप रडले.

पुढचं भराभर झालं. माझ्या तपासणीत निरीक्षकांनी फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का पाहिलं, इन्शुलिनला २ ते ८ अंश लागतात. मी सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहिते, आणि फ्रिज इन्व्हर्टरवर घेतलाय, कारण आमच्याकडे गुरुवारी वीज जाते. इन्शुलिन दारातल्या कप्प्यात ठेवू नका, बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. मुदत संपलेल्या मालासाठी "विक्रीसाठी नाही" लिहिलेला वेगळा खोका पहिल्या दिवसापासून हवा. एच-वन वर्गातल्या औषधांची, म्हणजे काही प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं, झोपेच्या गोळ्या यांची नोंदवही तीन वर्षं जपावी लागते. डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं, सगळं त्यात त्याच वेळी लिहा. रात्री आठवून लिहायला गेलं की काहीतरी गळतंच.

मी जेवायला जाते तेव्हा शटर अर्धं ओढते आणि "फार्मासिस्ट ३ वाजता येतील" अशी पाटी लावते. गिऱ्हाईक परत जातं, शेजारचे दुकानदार त्यावरून बोलतात. पाटी मात्र रोज लागते.