साडेपंधरा फूट

आज नळाला पाणी होतं. चार दिवसांनी. पहाटे पावणेपाचला मोटार लावली, टाकी भरली, पिंपं भरली, आणि तरी पाणी चालूच आहे म्हटल्यावर अक्कांनी हौसेनं पोर्च धुवायला काढला. खराटा, साबणाचं पाणी, सगळं. मी चहाचा कप घेऊन बाहेर आलो तर शहाबादी फरशी काळीभोर चमकत होती. काहीतरी बिनसलंय एवढंच वाटलं, काय ते कळेना. मग कळलं. रेघ गेली.

मी अक्कांवर ओरडलो. म्हणजे अगदी ओरडलोच. "विचारायचं तरी होतं!" त्या खराटा हातात धरून बघत राहिल्या. "कसली रेघ, दादा? गेरूचा डाग होता की तो."

खरंय त्यांचं. एवढ्या महिन्यांत त्याचा डागच झाला होता.

अक्का आठ वर्षं येतायत, मी त्यांच्याशी कधी वर आवाज केला नव्हता. विद्यानं आतून फक्त "अहो" म्हटलं. त्या "अहो"चा अर्थ संध्याकाळी कळेल म्हणून तसाच ऑफिसला गेलो, आणि दिवसभरात दोन व्हाउचरवर तारखा चुकवल्या. दोन्हीवर ऑक्टोबर लिहिला होता.

ऑक्टोबरातच आखली होती ती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबरला जीएसटी उतरला. मोठ्या एसयूव्हीवर सेस धरून पन्नास टक्क्यांपर्यंत जायचं ते चाळीसवर आलं, आणि सगळं गाव शोरूममध्ये. आम्हीही. गाडी बघितली, अण्णांना पुढच्या सीटवर बसवून बघितलं. गुडघा न वळवता बसता आलं, नुसतं सरकायचं. एवढ्यावरच विद्यानं मान हलवली. पण होती ती पेट्रोल. "डिझेल दिवाळीपर्यंत, सर," असं तो शोरूमचा पोरगा म्हणाला. मी एकवीस हजार भरून आलो.

घरी आल्यावर अण्णांनी माळ्यावरून टेप काढायला लावला. गाडीची लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली. ते म्हणाले, "फुटात सांग." मी सांगितलं, साडेपंधरा. मग गेटपाशी टेपचं टोक मी धरलं आणि ते पायरीकडे सरकत गेले. विद्याच्या घटाच्या गेरूची वाटी तशीच होती. त्यात बोट बुडवून, खाली वाकून त्यांनी ती रेघ ओढली. ढोपरावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "मागं डिकी उघडायला फूटभर राहतंय. बसतीय."

डिकी वर उघडते, फूटभरात उघडत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दिवाळी गेली. पोरगा म्हणाला, "संक्रांतीला पक्कं." गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला गेलो तर तिथे रव्या भेटला. "का बे, आली का डिझेल?" मी म्हटलं, पाडव्याला. पाडवा गेला. परवा त्या पोराचा फोन, "सर, डिझेल प्लॅनमध्ये आहे. पण पेट्रोल घेत असाल तर अक्षय्य तृतीयेला चावी हातात." प्लॅनमध्ये आहे! आमचं उजनीचं रोजचं पाणीसुद्धा प्लॅनमध्येच आहे.

मला कळत नाही असं नाही. आता डिझेल विकणं पूर्वीसारखं सोपं राहिलेलं नाही. २०२० च्या १ एप्रिलला बीएस ६ आलं, म्हणजे गाड्यांच्या धुराचा कडक नियम, तेव्हाच कितीतरी कंपन्यांनी लहान डिझेल इंजिनं बंद केली. २०२३ पासून तर चालत्या गाडीचा धूर रस्त्यावर मोजायचा नियम आला. काजळी अडवायला फिल्टर, आणि मोठ्या गाड्यांत वर ते युरियाचं पाणी. भाच्यानं मला फोनवर अर्धा तास समजावलं. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जळायला गाडी हायवेला सलग पळावी लागते. "मामा, तू जुळे सोलापूर ते नवी पेठ करणार, तो फिल्टर चोंदणार. पेट्रोल घे आणि मोकळा हो."

मग एका रात्री मी हिशोबही मांडला. पेट्रोल १०४ धरलं, डिझेल ९१. पेट्रोल लिटरला ११ देईल, डिझेल १५. किलोमीटरमागे वाचतात साधारण तीन रुपये चाळीस पैसे. डिझेलची गाडी दीड लाखानं महाग, म्हणजे ते फिटायला ४४ हजार किलोमीटर. आरटीओचा टॅक्सही डिझेलला दोन टक्के जास्त, तो मी धरलाच नाही, उगाच जिवाला त्रास. गेल्या वर्षी आमची गाडी एकूण फिरली सात हजार. सहा वर्षं! कागद घडी घालून पाकिटात ठेवला. कुणाला दाखवला नाही.

मग पेट्रोल का घेत नाही? इथेनॉलचं कारण सांगून बघितलं एकदा, वीस टक्के मिसळतात वगैरे. पण राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात राहायचं, मेव्हण्याचा माढ्यात बारा एकर ऊस, आणि इथेनॉलला नावं ठेवायची? जेवणाच्या ताटावरून उठवला असता त्यानं.

कारण अण्णा. दुसरं काही नाही. अण्णांच्या लेखी पेट्रोल गाडी म्हणजे शिलाई मशीन. तेहतीस वर्षं एसटीत काढली, मायलेज अजून दहा लिटरमागे किती किलोमीटर असंच विचारतात. त्यांची परीक्षा एकच: माणसं भरून, एसी चालू ठेवून तुळजापूरचा घाट. गिअर पाडायला लागला की गाडी नापास. आमची जुनी पास झालेली आहे. २०१२ ची. त्या मे महिन्यात पेट्रोल एका रात्रीत साडेसात रुपयांनी वाढलं होतं आणि जो तो डिझेल मागत होता. तिलाही पाच महिने वेटिंग होतं, हे आज लिहिताना आठवलं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. फियाटचं ते १२४८ सीसीचं मल्टिजेट, ज्याच्या त्याच्या गाडीत तेच, लोक राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. नुसतं ७५ पीएस. पण दोन हजार आरपीएमला अशी ओढ लागायची की अण्णा मागच्या सीटवरून "हं" म्हणायचे. त्यांच्याकडून "हं" म्हणजे पदवीच.

तेव्हा पाच महिने चालले आणि आता सहा-सात महिन्यांत माझा जीव का जातोय, हे दुपारी डबा खाताना कळल्यासारखं झालं. कडक भाकरी चुरून शेंगाचटणीवर दही ओतत होतो. अण्णांनी विचारायचं बंद केलंय. दिवाळीत रोज विचारायचे, "काय म्हणतोय तुझा पोरगा?" संक्रांतीला आठवड्यातून एकदा. फेब्रुवारीत, ते सगळं झाल्यावर, एकदाच. पाडव्याला गुढी उतरवताना मी आपणहून म्हटलं, "अजून नाही म्हणतायत, अण्णा." तर ते म्हणाले, "असू दे की." आणि टीव्हीकडे बघायला लागले.

असू दे की! या माणसानं आयुष्यात कशाला असू दे म्हटलेलं नाही. डेपोत वायपर चालत नाही म्हणून गाडी बाहेर काढायला नकार देणारा माणूस.

आता तसं वाकता येणार नाही त्यांना. मी आखली तरी ती माझी रेघ होईल.

नाही, यावर आज लिहायचं नाही.

संध्याकाळी येताना आसरा चौकात सिग्नलला तीच गाडी शेजारी. पांढरी, पेट्रोल, नवी कोरी, नंबरप्लेटला अजून हार. आत एक म्हातारे गृहस्थ पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी. मला एकदम इतकी कणव आली स्वतःची की विचारू नका. सगळ्यांना मिळतं, मलाच थांबावं लागतं. नोकरीत कायम व्हायला थांबलो, घराच्या एनएला थांबलो, तिकडे मन्याच्या वेळी थांबलो. सिग्नल हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला आणि वर, "काय करलालास बे, झोपलालास का?" माझा सगळा करुणरस त्या चौकात सांडला.

घरी आलो आणि नेहमीसारखी गाडी बाहेर, लिंबाखाली लावायला लागलो. आणि तिथेच हसू आलं. ऑक्टोबरपासून मी जुनी गाडी रस्त्यावर लावतोय. पोर्च मोकळा ठेवलाय, जी गाडी अजून कारखान्यात बनलेलीच नाही तिच्यासाठी. एक्केचाळीस अंशांत उभी राहून जुनीच्या बॉनेटचा रंग उडाला, डॅशबोर्डला चीर गेली, टपावर कावळ्यांनी जे करायचं ते केलं. आणि सावलीतल्या त्या साडेपंधरा फुटांत गेले पंधरा दिवस विद्या आणि समोरच्या वहिनी कुरडयांचे पाट आत-बाहेर करतायत. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं ती जागा कशासाठी आहे. मलाच नव्हतं.

दोन पाट उचलून पायरीवर ठेवले. विद्या दारात आली. तिनं काही विचारलं नाही, तिसरा पाट तिनंच उचलला. सकाळच्या "अहो"चा हिशोब तिनं बहुतेक सोडून दिला. अक्कांशी मात्र उद्या बोलायला हवं. काय बोलायचं ते ठरत नाहीये.

गाडी आत घेतली. लांबीला आरामात बसते, मागं डिकी वर उघडूनही जागा उरते. इंजिन चालू ठेवून क्षणभर बसलो होतो तोच आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. दिवसातलं पहिलं मोठं वाक्य.

"पट्टा कुरकुरतोय. केव्हापासनं?"

मला ऐकूच आला नव्हता. बाहेर लावत होतो, त्यांनाही आला नसणार. खाली उतरून, बॉनेट उघडून कान दिला. कुरकुरत होता.

उद्या नऊला गॅरेज. शोरूमच्या पोराचे दोन मिस्ड कॉल आहेत, जेवताना आलेले.