सहाव्या पिढीआधी कारखान्याने आपली गरज मोजून ठेवावी

सहाव्या पिढीच्या मोबाइल तंत्रज्ञानाविषयी सध्या जे छापून येते, त्यात वेगाचे आकडे भरपूर असतात आणि कारखान्याचा उल्लेख मात्र नावापुरता असतो. मी ऐरोलीत राहतो आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनचे व कंट्रोल सिस्टिमचे, म्हणजे मोजमापाची उपकरणे आणि यंत्रे नियंत्रित करणाऱ्या यंत्रणांचे, काम करतो. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. आपल्या प्लांटला नेमके काय लागते हे आकड्यांत मोजून ठेवणे, आणि नव्या पिढीची प्रमाणके ठरत असतानाच ते आकडे योग्य ठिकाणी पोहोचवणे, हीच उद्योगांनी ६जीसाठी करायची सर्वांत मोठी तयारी आहे. यंत्रखरेदी त्यानंतरची गोष्ट आहे.

हे आत्ताच का करायचे, याचे उत्तर वेळापत्रकात आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'आयएमटी-२०३०' या नावाने सहाव्या पिढीचा आराखडा मंजूर केला. प्रत्यक्ष तांत्रिक प्रमाणके लिहिणाऱ्या ३जीपीपी या संस्थेने रिलीज २० या आवृत्तीत ६जीचा अभ्यास हाती घेतला असून पहिली प्रमाणके रिलीज २१ मध्ये येणार आहेत. प्रमाणक एकदा गोठले की त्यावरून चिप बनते, चिपवरून मोडेम, मोडेमवरून यंत्रात बसणारे उपकरण. ज्या गरजेचा विचार प्रमाणक लिहिताना झाला नाही, तिला पुढची आठ-दहा वर्षे ठिगळे लावूनच भागवावे लागते.

मागणी आकड्यांत मांडली तर ती ऐकली जाते, याचे एक चांगले उदाहरण आपल्याच देशाचे आहे. पाचव्या पिढीच्या मूल्यमापनाचे निकष ठरत होते तेव्हा ग्रामीण भागासाठी दोन मनोऱ्यांमधले अंतर साधारण पावणेदोन किलोमीटर धरलेले होते. भारताच्या बाजूने, टीएसडीएसआय या आपल्या प्रमाणक संस्थेमार्फत, असे मांडले गेले की आपल्याकडे ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचते आणि आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांना तिथूनच सेवा द्यायची असते, त्यामुळे सहा किलोमीटर अंतराचा निकषही हवा. तो निकष आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने स्वीकारला, आणि पुढे या आग्रहातून तयार झालेले ५जीआय हे भारतीय प्रमाणक ३जीपीपीच्या रिलीज १७ मध्ये विलीन झाले. खेड्यातल्या माणसाची गरज कोणीतरी किलोमीटरमध्ये सांगितली म्हणून ती प्रमाणकात गेली. रबाळे, महापे, तळोजा किंवा वागळे इस्टेटमधल्या मध्यम आकाराच्या कारखान्याची गरज अशी कोणी मांडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. जर्मनीत मात्र उद्योगांनी २०१८ मध्येच ५जी-एसीआयए ही संघटना उभारून आपल्या मागण्या मोबाइल कंपन्यांसमोर आणि प्रमाणक संस्थांसमोर ठेवायला सुरुवात केली होती.

मोजायचे काय, हे सांगण्याआधी ५जीने शिकवलेला एक धडा नीट मांडतो, कारण माझ्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवा सुरू झाली आणि तिचा मुख्य भार ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यावर आहे. या पट्ट्यात पाठवणे आणि घेणे दोन्ही एकाच लहरीवर चालते, फक्त वेळ वाटून दिलेला असतो. जगभर बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी वाटणी अशी आहे की दर पाच कालखंडांपैकी तीन मनोऱ्याकडून मोबाइलकडे, एक मोबाइलकडून मनोऱ्याकडे आणि उरलेला एक दिशा बदलण्यासाठी. घरी बसून व्हिडिओ पाहणाऱ्या ग्राहकासाठी ही वाटणी योग्यच आहे. कारखान्याचा प्रवाह मात्र उलटा असतो. तिथे कॅमेरे, कंपन मोजणारे सेन्सर, गॅस डिटेक्टर हे सगळे सतत माहिती वर पाठवत असतात आणि खाली येणारे आदेश अगदी थोडे असतात.

आता कोणी म्हणेल की कारखान्याच्या कुंपणाच्या आत ही वाटणी उलटी करून घ्यावी. ते सहज जमत नाही, कारण शेजारचे सगळे मनोरे एकाच तालावर चालले नाहीत तर एकाचे पाठवणे दुसऱ्याच्या ऐकण्यावर आदळते. तो ताल राखण्यासाठी मनोऱ्यांची घड्याळे एका प्रमाण वेळेपासून दीड मायक्रोसेकंदापेक्षा जास्त सरकू द्यायची नसतात. शिवाय पाच कालखंडांचा एक फेरा अडीच मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे वर पाठवण्याची पाळी येईपर्यंतच सेन्सरला कधी कधी जवळजवळ तेवढे थांबावे लागते. जाहिरातीत आणि प्रमाणकात एक मिलिसेकंदाचा उल्लेख असूनही सार्वजनिक नेटवर्कवर तो का दिसत नाही, याचे एक कारण हे आहे. ६जीमध्ये वरच्या दिशेला किती जागा हवी हे जर उद्योगांनी सांगितले नाही, तर व्हिडिओ पाहणाऱ्याच्या सोयीची वाटणीच पुन्हा गृहीत धरली जाईल.

मोजणीची सुरुवात प्रत्येक कंट्रोल लूपपासून, म्हणजे सेन्सरचे माप पाहून व्हॉल्व्ह किंवा मोटर चालवणाऱ्या साखळीपासून, व्हावी. टाकीची पातळी किंवा तिच्याभोवतीच्या जॅकेटचे तापमान नियंत्रित करणाऱ्या लूपला एखाद्या सेकंदाचा उशीर सहज चालतो, पॅकिंग लाइनवरच्या सर्व्हो मोटरला काही मिलिसेकंदांचाही चालत नाही, आणि इमर्जन्सी शटडाउन हे माझ्या मते तारेवरच राहिले पाहिजे, पिढी कोणतीही येवो. सरसकट 'आम्हाला कमीत कमी विलंब हवा' अशी मागणी करणाऱ्या कारखान्याला पुरवठादार सर्वांत महागडी गोष्ट विकतो. सरासरी विलंबापेक्षा त्यातला चढउतार मोजणे अधिक गरजेचे आहे. नेहमी वीस मिलिसेकंद घेणारे नेटवर्क कंट्रोल इंजिनिअरला सांभाळता येते, पण एरवी पाच आणि अधूनमधून दोनशे घेणारे नेटवर्क लूप अस्थिर करते, आणि ही मोजणी कोरड्या दिवशी, रिकाम्या शेडमध्ये करून उपयोग नसतो.

इथे आपल्या भूगोलाचाही विचार करावा लागतो. रासायनिक प्लांटमध्ये स्टीलचे स्ट्रक्चर, डिस्टिलेशन कॉलम आणि पाइप रॅक यांची इतकी दाटी असते की दहा पावले सरकल्यावर सिग्नल बदलतो. न्हावा-शेवा बंदरात तर कंटेनरची थप्पी हलली की लहरींची वाटच बदलते. मग पाऊस. ३३०० मेगाहर्ट्झला पावसाने फारसा फरक पडत नाही, परंतु मनोरा जिथे फायबरने जोडलेला नसतो तिथे अनेकदा ७०-८० गिगाहर्ट्झची मायक्रोवेव्ह लिंक वापरली जाते, आणि ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत ही लिंक एका किलोमीटरमागे सुमारे ३० डेसिबल, म्हणजे हजारपट, क्षीण होऊ शकते. जुलैमध्ये पारसिकच्या डोंगरापासून खाडीपर्यंत जशा सरी कोसळतात, तशा हेलसिंकीच्या चाचणीत सापडणार नाहीत. म्हणून इथल्या पावसाळ्यातल्या नोंदी इथल्याच लोकांनी ठेवल्या पाहिजेत.

नेटवर्क कंपन्यांच्या बाजूची तयारी मी थोडक्यात सांगतो, कारण ती बरीचशी ज्ञात आहे. प्रत्येक मनोऱ्यापर्यंत फायबर, वीज गेल्यावर पुरेल असा बॅटरी बॅकअप आणि प्रक्रिया जवळच्या सर्व्हरवर व्हावी अशी रचना, या तीन गोष्टी लागतात. यातली तिसरी आपल्या पट्ट्याला विशेष अनुकूल आहे. ऐरोली, रबाळे, महापे या भागात देशातली मोठी डेटा सेंटर्स उभी आहेत. फायबरमधून प्रकाश एक किलोमीटर साधारण पाच मायक्रोसेकंदांत जातो, म्हणजे दहा किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येणे हे एक दशांश मिलिसेकंदाचे काम आहे. पण कारखान्याचा डेटा आधी दूरच्या शहरातल्या कंपनीच्या मध्यवर्ती (कोअर) नेटवर्ककडे जाऊन मग शेजारच्या डेटा सेंटरकडे परत येत असेल, तर या शेजाराचा काहीच लाभ होत नाही. कंपनीशी करार करताना मोबाइल नेटवर्कमधून डेटा कुठे बाहेर काढला जाणार, हा प्रश्न लेखी विचारावा, असा माझा प्रत्येक कारखानदाराला आग्रह असतो.

खाजगी नेटवर्कचा प्रश्न याला जोडूनच येतो. दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये कॅप्टिव्ह, म्हणजे एखाद्या उद्योगाच्या स्वतःच्या वापरापुरत्या, नेटवर्कसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मोबाइल कंपनीच्या नेटवर्कचा एक भाग राखून घेणे, कंपनीकडून स्वतंत्र नेटवर्क उभारून घेणे, कंपनीकडून स्पेक्ट्रम (लहरींचा पट्टा) भाड्याने घेणे आणि सरकारकडून थेट स्पेक्ट्रम मिळवणे, असे चार मार्ग त्यात होते. चौथा मार्ग वर्षानुवर्षे रेंगाळला आहे, आणि मोबाइल कंपन्यांचा त्याला असलेला विरोध सर्वश्रुत आहे. जर्मनीने ३७०० ते ३८०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१९ च्या अखेरीपासून स्थानिक वापरासाठी खुला केला. लिलावात प्रचंड पैसे मोजलेल्या कंपन्यांची बाजू मला समजते, तरीही मोठ्या बंदराला, रिफायनरीला किंवा विमानतळाला स्वतःचा पट्टा मिळायला हवा असेच माझे मत आहे, कारण तिथली जोखीम मोबाइल कंपनी उचलत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मला ही नवी पिढी मनापासून हवी आहे, ती सांगतो. आयएमटी-२०३० च्या सहा वापरप्रकारांत संदेशवहनाबरोबरच परिसराचे भान ठेवण्याची क्षमता, म्हणजे लहरींच्या परावर्तनावरून माणसे व वस्तू ओळखणे, ही एक आहे, आणि स्थाननिश्चितीचे लक्ष्य १ ते १० सेंटिमीटरचे आहे. रासायनिक कारखान्यात सायरन वाजला की सगळे असेंब्ली पॉइंटवर जमतात आणि गेटच्या रजिस्टरवरून मोजणी होते. कंत्राटी कामगार, ट्रकचालक, टाकीत उतरलेला वेल्डर यांच्या नोंदी वेगवेगळ्या वह्यांत असतात. मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, त्यानंतर बेपत्ता कामगारांचा शोध कित्येक दिवस चालला होता. आत कोण आणि कुठे आहे हे पहिल्या मिनिटाला समजणे, ही या औद्योगिक पट्ट्याची खरी मागणी आहे. ती मांडताना तळघरात, पिटमध्ये आणि व्हेसलच्या (धातूच्या बंद पात्राच्या) आत सिग्नल किती पोहोचतो याचे आकडे सोबत द्यावे लागतील, कारण ६जीसाठी विचाराधीन असलेले ७ ते ८ आणि १५ गिगाहर्ट्झच्या आसपासचे पट्टे भिंतींना व धातूला आजच्यापेक्षा अधिक अडतात. ज्वालाग्राही वायूच्या क्षेत्रात वापरायच्या उपकरणाला नागपूर मुख्यालय असलेल्या पेसो या स्फोटक-सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेची मान्यताही लागते, आणि तसे उपकरण बाजारात यायला साध्या उपकरणापेक्षा बराच अधिक काळ जातो. ही मागणी आज नोंदवली नाही तर सुरक्षिततेची उपकरणे सर्वांत शेवटी येतील.

यंत्रांच्या आयुष्याचा हिशेबही याच कागदावर मांडावा. मोबाइल तीन-चार वर्षांत बदलतो, तर पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) आणि फ्लो मीटर पंधरा-वीस वर्षे चालतात. २जी सिमवर चालणारी मीटर आणि ट्रॅकिंगची उपकरणे आजही अनेक ठिकाणी आहेत, आणि ती नेमकी किती व कुठे आहेत याची यादी बऱ्याच कारखान्यांकडे नसते. जे उपकरण आज बसवले जाईल ते २०४० मध्येही चालू असेल. क्वांटम संगणकालाही दाद देणार नाही अशा कूटलेखनाची (एन्क्रिप्शनची) पहिली प्रमाणके अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली आहेत, तेव्हा खरेदीच्या अटींत कूटलेखन बदलता येण्याची तरतूद आत्तापासून मागणे शक्य आहे.

लहान कारखान्याला एकट्याने हे सगळे जमणार नाही. पट्ट्यातल्या उद्योजक संघटनांनी रासायनिक, औषधनिर्मिती, इंजिनिअरिंग आणि गोदामे अशा प्रत्येक प्रकारातले दोन-चार प्लांट निवडून येत्या पावसाळ्यात मोजणी करावी. त्यासाठी जवळच्या पॉलिटेक्निकच्या इन्स्ट्रुमेंटेशन आणि दूरसंचार विभागांतले विद्यार्थी एकत्र घ्यावेत, कारण कारखान्यात हे दोन विषय अजूनही वेगवेगळ्या खात्यांत बसतात. तयार झालेली नोंद टीएसडीएसआय आणि ६जीसाठी उद्योग व संशोधन संस्थांना एकत्र आणणारी भारत ६जी अलायन्स यांच्याकडे पाठवावी. लहरींच्या नव्या पट्ट्यांचा निर्णय घेणारी जागतिक रेडिओसंचार परिषद ऑक्टोबर २०२७ मध्ये शांघायला भरणार आहे आणि भारताची भूमिका त्याच्या बरीच आधी पक्की होईल, म्हणून या नोंदी त्यापूर्वी दिल्लीला पोहोचलेल्या असाव्यात.