फोर बाय फोरला टायर कोणते घालावेत? गगनबावडा-दाजीपूरच्या पावसाळी फेरीतून

जुलैच्या पावसात कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे, नांदगाव तिठा, फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी आणि परत कोल्हापूर असा फेरा मारून आलो. गाड्या तीन होत्या. माझी आताची थार, मावसभावाची जिम्नी आणि कागलच्या मित्राची जुनी थार. टायरही तीन तऱ्हेचे: माझ्याकडे एटी (ऑल टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठी), जिम्नीला कंपनीतून आलेले एचटी (हायवे टेरेन, मुख्यतः डांबरासाठी) आणि जुन्या थारला दांडग्या गोट्यांचे, म्हणजे नक्षीतल्या मोठ्या ठोकळ्यांचे, एमटी (मड टेरेन, चिखलासाठी). रस्ता तोच, पाऊस तोच, त्यामुळे कुठला टायर कुठं चालतो आणि कुठं मान टाकतो हे डोळ्यांनी बघायला मिळालं. पावसाळ्यात ह्या बाजूला निघणाऱ्यांना आणि नवे टायर घ्यायच्या विचारात असलेल्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. कोल्हापूरच्या माणसाला कंपनीच्या मापातला किंवा त्याच्या अगदी जवळचा, मजबूत साइडवॉलचा (टायरच्या बाजूच्या भिंतीचा) एटी टायर हाच बरोबर. आपली गाडी वर्षातले बहुतेक दिवस डांबरावर पळते. त्यातले चार महिने ते डांबर ओलं असतं. त्यानंतर येतो जांभ्याचा सडा, आणि शेवटी पाणंदीतला चिखल. टायर निवडताना हाच क्रम डोक्यात ठेवावा. बरेच जण उलट करतात, चिखलाचा फोटो डोळ्यासमोर ठेवून टायर घेतात.

निघायच्या आदल्या रात्री पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायला विसरू नका. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. पंचगंगा चढू लागली की गगनबावडा रस्त्यावर मांडुकली, लोंघे, किरवे ह्या भागात पाणी येतं आणि वाहतूक थांबते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावती कशी फुगते हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर टायर कुठलाही असो, गाडी घालायची नाही. वाहतं पाणी दोन फुटांवर गेलं की बहुतेक गाड्या उचलल्या जातात, आणि हलकी गाडी त्याच्या निम्म्या पाण्यातही सरकते. रुंद टायर पाण्यात तरंगायलाच मदत करतो. मांडुकलीत अडकलात तर चहा घ्या, गाडी वळवा आणि घरी जा.

आम्हाला रस्ता मोकळा मिळाला. कळे सोडलं आणि पावसानं जोर धरला. गगनबावड्यापर्यंतच्या ५५ किलोमीटरमध्ये एचटी, एटी, एमटी असा काही फरक जाणवत नाही, फक्त एमटीचा आवाज येतो. काच खाली केली की जुन्या थारचा घूंऽऽ असा सूर पार मागच्या गाडीत ऐकू यायचा. मित्राला त्याची सवय झालीय, पण घरची मंडळी मागं बसली की तासाभरात डोकं धरतात, हे तोच सांगतो.

घाट उतरताना मात्र फरक कळला. एमटीच्या गोट्या मोठ्या, त्यांच्यामधल्या फटीही मोठ्या. त्यामुळे रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि रबर बहुधा कडक. ओल्या रस्त्यावर पकड येते ती गोट्यांवर कापलेल्या बारीक चिरांमुळे, ज्यांना साइप्स म्हणतात. टायर रस्त्याला टेकला की ह्या चिरांच्या कडा पाण्याचा थर फोडतात. एचटीवर साइप्स भरपूर असतात, चांगल्या एटीवरही पुरेशा असतात, एमटीवर मोजक्याच. करूळच्या वळणांवर जुनी थार ब्रेकवर आमच्यापेक्षा उशिरा थांबत होती. मित्र मुरलेला ड्रायव्हर, त्यानं अंतर वाढवलं आणि दुसऱ्या गिअरमध्ये निवांत उतरला. पण दरडीची माती, धुकं, समोरून येणारी एसटी हे सगळं एकदम पुढ्यात आल्यावर थांबायला लागणारी जागाच माणसाला वाचवते. म्हणून दुकानात टायर बघताना गोट्या किती दांडग्या ह्याच्या आधी त्यांच्यावर साइप्स किती आणि किती खोल आहेत ते बघा.

घाटात डांबरावर किंवा काँक्रीटवर गाडी टू एचमध्येच, म्हणजे फक्त दोन चाकांच्या ताकदीवर, ठेवा. थार, जिम्नी, गुरखा ह्यांची फोर व्हील ड्राइव्ह पार्ट टाइम आहे, म्हणजे ती लावली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडला जातो. पकड असलेल्या रस्त्यावर वळताना चाकांना कमी-जास्त फिरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येतो. ह्याच कारणानं चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. पुढं जुने आणि मागं नवे ही काटकसर फोर बाय फोरला महागात पडते.

आता जांभ्याविषयी, कारण फेरीतला खरा प्रसंग तिथंच घडला. घाट उतरायच्या आधी गगनबावड्याजवळ एका वाडीकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्याला वळलो होतो. थोडी तांबडी माती, मग उघडा कातळ, वर हिरवं शेवाळ. जांभा दिसायला सपाट दिसतो, पण त्याची झिजलेली भोकं आणि फुटलेल्या कडा करवतीसारख्या असतात. जिम्नी कडेच्या चरातून बाहेर येताना मागचं डावं चाक अशाच एका कडेला घासलं. फुस्स आवाज आला आणि रिम खाली बसली. उतरून बघितलं तर ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाला, काही नाही. साइडवॉलला बोटभर लांब, तिरकी, सुरीनं कापल्यासारखी चीर, आणि आत पांढऱ्या दोऱ्यांचा थर दिसत होता. स्टेपनी लावली, गगनबावड्यात येऊन पंक्चर काढणाऱ्या मामांना टायर दाखवला. त्यांनी चिरेत नख घालून बघितलं आणि म्हणाले, "भावा, दोरा तुटलाय. ह्याला आता काय लावायचं न्हाई." बरोबरच होतं त्यांचं. ट्रेडमधलं भोक स्ट्रिपनं (रबरी पट्टीनं) किंवा मशरूमनं (छत्रीच्या आकाराच्या प्लगनं) बंद होतं, साइडवॉल सतत वाकत असते आणि तिथं ठिगळ टिकत नाही. कुणी लावून देतो म्हणालं तरी त्या टायरवर घाट उतरू नका.

आपल्या भागात टायर जास्त करून साइडवॉललाच मार खाऊन जातो, म्हणून मी तिला इतकं महत्त्व देतो. एटी घेताना साइडवॉलवर किती थर आहेत ते विचारा. टायरवर कोरलेलंच असतं, ट्रेड इतके थर, साइडवॉल इतके थर. दोन पॉलिस्टर थर सर्रास मिळतात, तीन मिळाले तर उत्तम. खांद्यावरून खाली उतरणाऱ्या जाड गोट्या असतील तर कडेला तेवढं कवच मिळतं. दुसरी गोष्ट साइडवॉलच्या उंचीची. थारला दोन मापं येतात, २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. पहिल्यात साइडवॉल साधारण १८४ मिलिमीटर, दुसऱ्यात १६६. अठराची रिम देखणी दिसते, पण दगडात सोळाचीच चांगली. टायर जास्त दबतो आणि रिमला मार बसत नाही.

हे आकडे वाचायला शिकाच. २४५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ७५ म्हणजे रुंदीच्या ७५ टक्के साइडवॉलची उंची, आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे इंचात रिम. पुढं १११ एस असं काही असतं. १११ म्हणजे एका टायरनं पेलायचं वजन १०९० किलो, आणि एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंतचा वेग. हा वजनाचा आकडा कंपनीच्या टायरपेक्षा कमी घ्यायचा नाही. टपावर कॅरिअर, मागं सामान आणि पाच माणसं असतील तर हाच आकडा कामाला येतो.

माप वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. मित्राच्या जुन्या थारचं मूळ माप २३५/७० आर १६, त्यानं २४५/७५ आर १६ घातलेत. व्यास ७३५ वरून ७७४ मिलिमीटरवर गेला, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त वाढ. मीटर आधी ६० दाखवायचा तेव्हा जो वेग असायचा, त्यापेक्षा आता तीनेक किलोमीटर जास्त असतो. गिअरिंग लांब होतं, चढाला इंजिन रडतं, ॲव्हरेज पडतं, पूर्ण स्टेअरिंग वळवलं की टायर आतल्या बाजूला घासतो. मिळतो काय, तर डिफरन्शिअलखाली (एक्सलच्या मधल्या गोळ्याखाली) जेमतेम १९ मिलिमीटर जास्त जागा. जिम्नीची गोष्ट वेगळी. तिचं १९५/८० आर १५ हे माप आपल्याकडं फारशा नक्षींत मिळत नाही, आणि २१५/७५ आर १५ हे बोलेरोचं माप असल्यानं जिल्ह्यातल्या कुठल्याही दुकानात मिळतं. व्यासात फरक दीड टक्क्याच्या आसपास. मावसभावानं परत आल्यावर स्टेपनीसकट पाच एटी ह्याच मापाचे घेतले, आणि माझ्या मते योग्य केलं.

वैभववाडी ते फोंडा हा टप्पा सरळ आहे. फोंडा घाट चढून दाजीपूरला आलं की जंगल सुरू होतं. गव्यांसाठी १९५८ साली राखलेलं हे अभयारण्य, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. संध्याकाळी धुक्यातून गवा थेट रस्त्यावर उभा असतो, त्यामुळे इथंही वेग कमी आणि टायर ओल्यात थांबणारा हवा. आत जायचं तर वन विभागाची परवानगी आणि त्यांचेच नियम. एक कळकळीची विनंती करतो. एटी-एमटी घातले म्हणून सड्यावर, पठारावर गाडी घालू नका, मग ते मसाईचं पठार असो की आणखी कुठलं. पावसाळ्यात जांभ्यावर बोटभर मातीत जी फुलं येतात, ती एका चाकोरीनं चिरडली की लवकर परत येत नाहीत.

राधानगरीच्या खाली मित्राच्या पाहुण्यांचं शेत आहे, तिथं मुक्काम होता. दोन्ही बाजूला ऊस आणि मधून पाणंद. इथं मात्र एमटीनं आपली किंमत वसूल केली. काळी माती भिजली की कणकेसारखी टायरला लपेटते. माझ्या एटीच्या फटी पन्नास फुटांत बुजल्या आणि चाक गुळगुळीत गोळा होऊन फिरायला लागलं. एमटीच्या रुंद फटींतून चाक फिरताना चिखल झाडला जातो आणि गोट्या परत धरतात. जुनी थार मध्ये कुठं थांबली नाही. आम्ही दोघं हवा कमी करून, फोर एलमध्ये (चारही चाकं, सगळ्यात जोरकस गिअर), एका लयीत गेलो आणि पोचलो, पण जिम्नीला शेवटी पट्टा लावून ओढावं लागलं. रोज पाणंदीतून रानात जाणारा शेतकरी असाल तर बिनधास्त एमटी घ्या, तुमचं गणित वेगळं आहे.

हवेबद्दल जेवढं सांगावं तेवढं कमी. दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यातला आकडा थंड टायरचा. गाडी पळून टायर तापला की तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आपोआप वाढतात, म्हणून गरम टायरची हवा सोडून आकडा जुळवू नका. खडबडीत कच्च्या रस्त्यावर २४-२५ आणि चिखलात १८-२० वर मी आणतो. त्याखाली साध्या रिमवर जायचं नाही, टायर रिमवरून निसटू शकतो. जांभ्यावर फार कमी करू नका, पोट फुगलेली साइडवॉल दगडाला आयतीच सापडते. हवा कमी असताना वेग ३०च्या आत, आणि डांबराला लागायच्या आधी पुन्हा भरायची. त्यासाठी बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर घ्या. लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप मोठ्या टायरला दमतो आणि फ्यूज उडवतो.

दुकानात गेल्यावर साइडवॉलवर कोरलेल्या डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, बघा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षभरापेक्षा जुना माल मी उचलत नाही. पाचही टायरचे आकडे बघा, एखादा जुना मध्येच सरकवलेला असतो. आयएसआयची खूण असायलाच हवी. अपोलो अप्टेरा, सीएट क्रॉसड्राइव्ह, योकोहामा जिओलँडर अशा एटी नक्षी आपल्याकडं मिळतात, पण नावापेक्षा तुमच्या मापात ताजा माल कुठला आहे ते महत्त्वाचं. खरेदी मे महिन्यातच उरका. नवा टायर पहिले शे-दोनशे किलोमीटर थोडा निसरडा असतो, ते अंतर कोरड्यात गेलेलं बरं. ट्रेड १.६ मिलिमीटरवर आला की कायद्यानं टायर संपला, पण घाटातल्या पावसाला मी तीनवरच बदलतो. दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसकट पाचही टायर फिरवून लावा, म्हणजे सगळे सारखे झिजतात.

फेरीहून आल्यावर टायर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं आतल्या बाजूनंही धुवा. रिमच्या आत वाळलेला चिखल राहिला तर ८०च्या पुढं स्टेअरिंग थरथरतं, आणि लोक उगाच बॅलन्सिंगला पैसे घालवतात. मग स्क्रूड्रायव्हरनं फटीतली खडी काढा आणि आतली साइडवॉल हातानं चाचपून बघा. तिथला काप आणि फुगा बाहेरून दिसत नाही.