अडकलेलं बिल आणि आमची रविवारची बैठक

भोसरीत माझी शीट मेटलची छोटी शेड आहे. ब्रॅकेट, पॅनल, कव्हर असं जॉबवर्क करतो. घरात धंद्यात उतरलेला मीच पहिला; वडील कंपनीत हेल्पर होते. ज्यांचं पिढ्यान्‌पिढ्या दुकान आहे त्यांच्या पोरांना उधारी कशी वसूल करायची हे जेवताना कानावर पडतं. आमच्या बौद्ध वस्तीत हे विचारावं कोणाला?

एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे माझं बिल चार महिने अडकलं होतं. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. जास्त तगादा लावला तर ऑर्डर जायची भीती. त्यात आडनाव ऐकून बोलण्याचा सूर बदललेला मी पाहिलाय, त्यामुळे जोर करायला मन कचरतं.

महिन्यातून एका रविवारी विहाराच्या हॉलमध्ये आम्ही धंदेवाले बसतो. बौद्ध, मातंग, मुसलमान, सगळे. ज्याची पाळी, त्याने कागद टेबलावर मांडायचे आणि बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे. हा नियम मला फार मोलाचा वाटतो, कारण फुकटचे सल्ले बाहेर भरपूर मिळतात. कँटीन चालवणाऱ्या ताईंनी माझी चलनं, म्हणजे माल पोचवल्याचे कागद, एकेक करून पाहिली. ज्यांवर माल मिळाल्याचा शिक्का होता पण तारीख नव्हती, ती बाजूला काढली. "पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, मुदत काय लिहिलीय? उद्यम नोंदणी माल पाठवायच्या आधीची आहे ना?" उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी; माझी आधीचीच होती.

2006 च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या कायद्यात लेखी करार असला तरी पेमेंट 45 दिवसांपुढे नेता येत नाही. करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. हे मला ऐकून माहीत होतं. खरी किल्ली दिली पावडर कोटिंगवाल्या भाईंनी: पत्र साहेबांना नको, अकाउंट्सला दे, आणि मार्चच्या आत दे. 2024 पासून मुदतीत न दिलेलं पेमेंट कंपनीला आयकराच्या हिशोबात त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरता येतं. म्हणजे मार्चअखेर घाई त्यांनाच असते.

पत्राचा मसुदा तिथेच बसून केला. धमकीचा एक शब्द नाही. बिल नंबर, चलनाच्या तारखा, उद्यम नंबर, देय रक्कम.

पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आले. व्याज मी मागितलं नाही, ऑर्डर चालू राहावी म्हणून. ताईंना ते अजून पटलेलं नाही. त्या म्हणतात, एकदा सोडलंस की ते दरवेळी तसंच धरतील. आता प्रत्येक बिलाखाली उद्यम नंबर आणि देय तारीख छापतो, आणि पुढच्या उशिराला व्याज लावणार आहे.