साठ की आठ?

मागवायचे होते साठ नग, मी मागवले आठ. मॅडम केबिनच्या दारातून, पाठ वळवता वळवता आकडा सांगून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" मी म्हटलं, "सॉरी, चुकलं." वेंधळी ठरणं परवडलं, बहिरी ठरणं नको होतं.

कानाची तपासणी त्याआधीच झाली होती. आलेखात 1000 हर्ट्झपर्यंत रेघ बरी, 2000 नंतर उतार, 4000 ला 60 डेसिबलच्याही खाली (या आलेखात रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी). म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाही. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते पोचतात. स, श, फ, थ वरच्या पट्टीत, ते वाटेत गळतात. 'साठ'मधला स गळला की उरतो 'आठ'. ऑडिओलॉजिस्टनी तोंडासमोर कागद धरून शब्द म्हटले, तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी निम्मं ओठांवरून वाचत होते.

कानाचं मशीन घेतलं, आणि ते दिसू नये म्हणून केस मोकळे सोडायला लागले. सगळे हसले की हसायचं. मीटिंगमध्ये शेजारच्याच्या वहीत डोकावायचं. संध्याकाळी डोकं असं जड व्हायचं की घरी कुणी बोललेलं नको वाटायचं. मुलाखतीत मी हे सांगितलं नव्हतं, त्याचा पश्चात्ताप नाही. विचारलेलं काम मला येत होतं. पण आता टीममध्ये 'शिष्ट आहे, हाक मारली तरी बघत नाही' असं नाव पडलं होतं. ते मात्र लागलं.

शेवटी मॅडमना मेल लिहायला बसले आणि दोन पानं झाली. लहानपणापासूनचा कानाचा सगळा इतिहास. बहिणीने वाचून विचारलं, "हे वाचून त्या हळहळतील. पण सोमवारी त्यांनी नक्की काय करायचं, ते कुठंय?" सगळं खोडलं. उरलं अर्धं पान: गोंगाटात आणि पाठमोऱ्या माणसाचं मला कळत नाही, समोरासमोर, शांत जागी कळतं. हव्यात तीन गोष्टी. आकडे लेखी. बसायला भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड. ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅप्शन सुरू. ऑडिओलॉजिस्ट पूर्ण रिपोर्टच जोडा म्हणत होते. मी कामापुरतं पत्र मागून घेतलं. आलेख बघून एचआरला काय कळणार होतं?

मॅडमकडे वीस मिनिटं मागितली, दार लावून. पहिला प्रश्न, "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" याला सुटसुटीत उत्तर नाही. दुसरं, त्या एकदम मोठ्याने, तोडून तोडून बोलायला लागल्या, "आ-ता ये-तं-य?" मी म्हटलं, मॅडम, ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात, उलट कळत नाही, नेहमीसारखं बोला, फक्त माझ्याकडे बघून. त्या हसल्या. मलाही हसू आलं. त्याच दिवशी 'आज ठरलं ते असं' म्हणून चार ओळींचा मेल टाकला, एचआरलाही. टीमला मीच सांगेन, हेही त्यात लिहिलं. तरी चहाच्या वेळी एचआरमधल्या एकाने सगळ्यांदेखत विचारलंच, "मशीन कुठल्या कानात?" लिहून ठेवलेलं असल्यामुळे निदान तक्रार तरी करता आली.

खरा धक्का पुढच्या आठवड्यात. ग्राहकांचे फोन माझ्याकडून काढून सहकाऱ्याला दिले. "तुला त्रास नको म्हणून." चांगुलपणानेच केलं होतं, म्हणून भांडताही येईना. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात कलम 27 मध्ये कामाच्या जागी 'वाजवी सोय' देण्याचं बंधन आहे, आणि ती नाकारणं हाच भेदभाव, असं त्याच करारात म्हटलंय. हे मी मेलमध्ये घातलं नाही. पण वाचलेलं होतं, म्हणून केबिनमध्ये आवाज कापला नाही. मी म्हटलं, महिनाभर बघा. साध्या फोनच्या लाइनवर 3400 हर्ट्झच्या वरचं जातच नाही, तिथे चांगल्या कानाचाही स आणि फ यांत गोंधळ होतो. मी ऐकलेला आकडा ग्राहकाला परत म्हणून दाखवीन, आणि कॉल संपल्यावर मेल करीन. महिन्यात एकही आकडा चुकला नाही. फोन परत आले. नंतर टीममधले आणखी दोघे आकडे परत म्हणून दाखवायला लागले. त्यांचे कान ठणठणीत आहेत.

बसायच्या जागेला मात्र चार महिने लागले. टेबल हलवायचं म्हणजे वायरिंग, वायरिंग म्हणजे मंजुरी.

गेल्या आठवड्यात भर मीटिंगमध्ये मशीनचा सेल संपला. पूर्वी मी बाथरूमकडे पळायचे. या वेळी टेबलावरच नवा सेल काढला, स्टिकर सोलला आणि ठेवून दिला. या सेलला आधी मिनिटभर हवा लागू द्यावी लागते. मॅडम थांबल्या. मशीन कानात घातल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "झालं? साठ म्हणाले मी. सहावर शून्य."