पाण्याचा ताळेबंद आणि तीन दोऱ्या

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पडलं किती, गेलं किती, उरलं किती याचा हिशेब, मांडायचा होता. शिवार ९०० हेक्टरचं, खाली बेसाल्टचा काळा खडक, आणि पावसाळाभरात पडलेला पाऊस ४८० मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. त्या हिशेबाने शिवारात ४३२ कोटी लिटर पडलं. अशी सादरीकरणं सहसा याच आकड्याने सुरू होतात आणि तिथेच फसतात. ४३२ कोटी ऐकल्यावर कोणालाही वाटतं, मग काळजी कसली! त्यातलं वाहून किती गेलं, वाफ किती झाली, हे सातव्या-आठव्या स्लाइडवर येतं. तोवर मागची मंडळी तंबाखू मळायला बाहेर गेलेली असतात.

म्हणून तो आकडा आम्ही मागे ढकलला आणि सुरुवातीला गावातलीच एक विहीर घेतली. विहीर निवडतानाच अर्धं काम होतं किंवा बिघडतं. एखाद्या बागायतदाराची विहीर घेतली, तर सगळं गाव त्याच्याकडे बघतं आणि तो चिडतो. शाळेमागची जुनी सार्वजनिक विहीर बरी पडली: तिच्यावर मोटर नाही, ती सगळ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे आणि तिच्या पातळीच्या जुन्या नोंदी ग्रामपंचायतीच्या वहीत आहेत. पातळी त्याच दिवशी सकाळी, आसपासच्या पंपांना लाइट यायच्या आधी मोजली. शेजारचे पंप तासभर चालले तरी पाणी खाली खेचलं जातं आणि आकडा खोटा ठरतो. टेप कठड्यावरून सोडली, तर कठड्याची उंची वजा करायची. ती वजाबाकी राहून गेली, तर सभेत कोणीतरी हमखास पकडतो.

नोंदी मीटरमध्ये होत्या, त्या फुटांत केल्या, कारण गावात विहीर फुटांतच बोलली जाते. मागच्या ऑक्टोबरला पाणी ९ फुटांवर, मे महिन्यात ४४ फुटांवर, आज १४ फुटांवर. या मापांच्या तीन नायलॉनच्या दोऱ्या कापल्या आणि दर पाच फुटांवर लाल चिंधी बांधली. सुतळी घेऊ नये, ती पीळ खाते आणि ऐनवेळी गुंता सोडवत बसावं लागतं. दोरी कोपर आणि अंगठा यांच्यावर आठच्या आकड्यात गुंडाळली की सरळ सुटते.

वेळ संध्याकाळी सातची, धारा काढून झाल्यावरची. दिवसा उघड्या सभामंडपात ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टरही फिका पडतो. स्लाइड पीडीएफ करून नेल्या होत्या, कारण जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या लॅपटॉपवर उघडला की अक्षरांचा चुराडा होतो. पडदा मुद्दाम काळा ठेवला. पडद्यावर बोधचिन्हं आणि शीर्षक दिसत असलं, की लोक ते वाचत बसतात आणि बोलणाऱ्याचं पहिलं वाक्य वाया जातं.

सुरुवातीचा खरा शत्रू मात्र सत्कार. नारळ, शाल, प्रास्ताविक, मग पाहुण्यांची ओळख यांत अर्धा तास सहज जातो आणि ऐकणाऱ्यांचा ताजेपणा तिथेच संपतो. सरपंचांना आदल्या दिवशीच विनंती केली होती, ‘सत्कार शेवटी घ्या, तोवर माणसंही जमतील.’ दुसरं कारण त्यांना लगेच पटलं.

नमस्कारानंतरचं पहिलं वाक्य एवढंच होतं: ‘शाळेमागच्या विहिरीचं पाणी आज सकाळी किती खाली होतं, ते ही दोरी सांगते.’ १४ फुटांची दोरी जमिनीवर सोडली. शेजारी मागच्या ऑक्टोबरची ९ फुटांची. मग मे महिन्याची. तिचं टोक एका पोराच्या हाती दिलं आणि त्याला सरळ मागे जायला सांगितलं. दोरी सतरंजीवरून, माणसांच्या मधून सरकत मंडप ओलांडून पायऱ्यांवर गेली. तेवढा वेळ कोणीच बोललं नाही. अशा वेळी बोलणाऱ्यानेही गप्प राहायचं असतं. समजावून सांगायचा मोह झाला की दोरीचं काम संपतं.

मग एक आजोबा उठले. ‘मे महिन्यात चव्वेचाळीस नव्हतंच, चाळीस होतं. मी रोज तिथून जातो.’ याच क्षणासाठी सगळा खटाटोप होता. ऐकणाऱ्याला थक्क करणाऱ्या सुरुवातीपेक्षा त्याला स्वतः पडताळून बघता येईल, भांडता येईल अशी सुरुवात मला जास्त भरवशाची वाटते. आजोबांना खोडून न काढता वही त्यांच्याच हातात दिली. तारीख बघून ते म्हणाले, ‘हां, हे महिनाअखेरचं आहे.’ आता आकड्यावर गावाचा शिक्का बसला होता. इथवर चार मिनिटं.

पडदा त्यानंतर उजळला, एकाच हिशेबासाठी. मागच्या वर्षीपेक्षा पाणी पाच फूट, म्हणजे साधारण दीड मीटर खाली. विहिरींखालचं क्षेत्र ६०० हेक्टर. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येणारं पाणी खडकाच्या आकारमानाच्या सुमारे २ टक्के धरलं. म्हणजे १ लाख ८० हजार घनमीटर, १८ कोटी लिटर कमी. गव्हाला हेक्टरी चार हजार घनमीटर धरले, तर ४५ हेक्टर गव्हाचं पाणी यंदा नाही. हरभऱ्याला अडीच हजार धरले, तर तेच पाणी ७२ हेक्टर हरभऱ्याचं. पाच फुटांवरून थेट पेरणीवर आल्यामुळे ४३२ कोटींचा आकडा नंतर आला तेव्हा लोकांनी त्याला वाजवी किंमत दिली. पहिला प्रश्न आला, ‘मग बाकीचं गेलं कुठं?’ आणि पुढच्या सगळ्या स्लाइड त्या प्रश्नाचं उत्तर होत्या.

दोरीची एक मर्यादा त्याच रात्री एका तरुणाने दाखवली. ‘हे विहिरीचं झालं. आमची बोअर चारशे फुटांची आहे, तिचं काय?’ रास्त प्रश्न. उथळ विहिरीची पातळी खोल बोअरबद्दल फारसं सांगत नाही, आणि मोटर बसलेल्या बोअरमध्ये टेप सोडली तर ती केबलमध्ये अडकते. केसिंगमधून, म्हणजे बोअरच्या तोंडाला बसवलेल्या नळीतून, अर्धा इंची पाइप आधीच खाली सोडून ठेवलेला असेल तरच मोजता येतं. गावात असा पाइप फक्त नळयोजनेच्या बोअरला होता. जानेवारीच्या मोजणीत तिची पातळी घ्यायची असं ठरलं आणि त्या तरुणाने आपल्या बोअरची मोटर पुढच्या वेळी दुरुस्तीला वर काढली की पाइप बसवायचं कबूल केलं.