काटा पिकतो, प्लेट पिकत नाही

चोपडा तालुक्यात, तापीपासून फार लांब नाही अशा ठिकाणी आमची शेती आहे, आणि कपाशीची निंदणी सुरू झाली की घरातल्या कुणाच्या तरी पायात बाभळीचा काटा मोडतोच. माझ्या लहानपणी असा काटा निघाला नाही, तर आजी त्या जागी रुईचा चीक लावायची. दुसऱ्या दिवशी जागा ठणकू लागली की अंगठ्याने दाबून पाहायची आणि म्हणायची, "काटा अजून मझारच शे," म्हणजे अजून आतच आहे. माझ्या थोरल्या काकांच्या, म्हणजे नानांच्या, नडगीच्या हाडाला मात्र अपघातानंतर स्टीलची प्लेट आणि सहा स्क्रू बसवलेले आहेत आणि त्यांचा त्यांना काहीही त्रास नाही. गेल्या दिवाळीत मी घरी गेले असताना नानांनी विचारले, "बेटा, एवढासा काटा दोन दिवसांत पिकतो आणि वीतभर प्लेट अकरा वर्षं झाली तरी पिकत नाही, हे कसं काय?"

मी बंगळूरला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक, म्हणून नेमके याच विषयावर काम करते: शरीरात बसवल्या जाणाऱ्या पदार्थांशी, म्हणजे बायोमटेरियलशी, रोगप्रतिकारक पेशी कशा वागतात. नानांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला पुस्तकांतून ठाऊक होते. उरलेले अर्धे मी स्वतःच्या एका चुकीतून शिकले, आणि त्याबद्दलच इथे लिहायचे आहे.

आधी पुस्तकातले अर्धे. प्लेट शरीराने "स्वीकारली" असे आपण म्हणतो, पण शरीर तिला अकरा वर्षांत क्षणभरही विसरलेले नाही. कोणताही परका पदार्थ रक्ताच्या संपर्कात आला की काही सेकंदांतच रक्तातली प्रथिने त्याच्या पृष्ठभागावर चिकटतात, आणि त्यानंतर येणाऱ्या पेशींची गाठ धातूशी पडण्याआधी या प्रथिनांच्या थराशी पडते. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात. त्यांच्यामागून मोनोसाइट या रक्तातल्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येऊन मॅक्रोफेज बनतात आणि पुढचा सगळा कारभार मुख्यतः त्यांच्या हाती असतो. मॅक्रोफेज साधारण २० मायक्रॉनची पेशी असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जिवाणू, मेलेल्या पेशी, बारीक कण ती गिळून टाकते, पण स्टीलची प्लेट तिला गिळता येत नाही. तेव्हा ती पृष्ठभागावर पसरून बसते, तिथे आम्ल आणि विकरे (एन्झाइम) सोडत राहते, आणि तरीही काम पुरे झाले नाही तर अनेक मॅक्रोफेज एकमेकांत विलीन होऊन अनेक केंद्रकांची एक महापेशी तयार करतात. काही आठवड्यांत त्या पदार्थाभोवती कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचे वेष्टण तयार होते. नानांच्या प्लेटला या वेष्टणाने काही बिघडत नाही, कारण हाड धरून ठेवण्यापलीकडे तिला काम नाही. त्वचेखाली बसवलेल्या ग्लुकोज सेन्सरचे मात्र याच वेष्टणामुळे काम अडते, कारण साखर त्याच्यापर्यंत पोहोचायला हवी असते. म्हणून "जैवसुसंगत" हा शब्द एखाद्या पदार्थाला कायमचा चिकटवून टाकणे मला पटत नाही. कोणत्या कामासाठी, कोणत्या जागी आणि किती काळासाठी, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही. नुसत्या आकारानेही किती फरक पडावा! २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात शरीरात बसवलेल्या १.५ मिलिमीटर व्यासाच्या गोळ्यांभोवती ०.५ मिलिमीटरच्या गोळ्यांपेक्षा खूपच कमी वेष्टण तयार झाल्याचे दिसले होते.

या सगळ्या शास्त्राची सुरुवात काट्यापासूनच झाली, हे नानांना सांगताना मला फार आनंद झाला. १८८२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात इल्या मेचनिकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. या पेशी परक्या वस्तूला गिळून शरीराचे रक्षण करतात, ही कल्पना त्यातून पुढे आली, आणि १९०८ साली त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

आता माझी चूक. पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षी माझा प्रश्न असा होता की, मऊ पदार्थावर बसलेला मॅक्रोफेज आणि कडक पदार्थावर बसलेला मॅक्रोफेज वेगळे वागतात का. त्यासाठी मी जिलेटिनपासून हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारी जेली, बनवले. मऊ जेलमध्ये ५ टक्के जिलेटिन आणि कडक जेलमध्ये १५ टक्के. माणसाच्या रक्तातून मोनोसाइट वेगळे करून, त्यांचे आठवडाभरात मॅक्रोफेज करून मी ते दोन्ही जेलवर सोडले. कडक जेलवरच्या पेशींनी टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन कितीतरी पटींनी जास्त सोडले. तीन वेगवेगळ्या रक्तदात्यांच्या पेशींत तेच दिसले. आलेख इतके सुबक होते की शोधनिबंधाचा मसुदा मी लिहायला घेतला होता. तेवढ्यात गटाच्या बैठकीत आमच्या प्रमुख मॅडमनी शांतपणे एकच प्रश्न विचारला: "जिलेटिनमधलं एंडोटॉक्सिन मोजलं आहेस का?"

मी मोजले नव्हते. जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून बनते, आणि वाटेत त्यावर ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातले जिवाणू वाढले तर त्यांच्या बाह्य आवरणाचे तुकडे, म्हणजेच एंडोटॉक्सिन, त्यात राहून जातात. मी जेलचे द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळत होते. त्याने जिवाणू अडतात, पण त्यांच्या आवरणाचे हे तुकडे आरपार निघून जातात. १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केले, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवले, तरी ते टिकतात. काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवली तर ते नष्ट होतात, पण जिलेटिनला ती उष्णता देता येत नाही. आणि मॅक्रोफेजला चेतवायला एका मिलिलीटरमध्ये एक नॅनोग्रॅमहूनही कमी एंडोटॉक्सिन पुरते. ते मोजण्यासाठी वापरली जाणारी एलएएल चाचणी हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या रक्तापासून बनवतात, कारण एंडोटॉक्सिन भेटताच ते रक्त गोठते. मी चाचणी केली आणि माझे जिलेटिन दूषित निघाले. कडक जेलमध्ये जिलेटिन तिप्पट होते, म्हणजे एंडोटॉक्सिनही तिप्पट होते. एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन बी माध्यमात टाकून पाहिल्यावर तो सुबक फरक जवळजवळ नाहीसा झाला. ज्याला मी सात महिने "कडकपणाचा परिणाम" म्हणत होते, तो जिवाणूंच्या अवशेषांचा परिणाम होता. त्या संध्याकाळी मला काहीही करावेसे वाटले नाही.

पेशी मात्र चुकल्या नव्हत्या. जे तिथे खरोखर होते, त्यालाच त्या उत्तर देत होत्या. बाटलीवरच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

नानांच्या प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर इथे आहे. बाभळीचा काटा शेतातल्या मातीतून येताना जिवाणूंना सोबत घेऊन येतो. पेशी चवताळतात त्या मुख्यतः या सोबत्यांमुळे, आणि पिकणे म्हणजे त्यांच्याशी चाललेली लढाई असते. प्लेट निर्जंतुक होऊन आलेली असते, म्हणून तिच्याभोवती फक्त वेष्टण होते. हे ऐकून नाना म्हणाले, "पण आपल्या वरच्या आळीतल्या तात्यांची प्लेट तर पिकली होती, काढावी लागली." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. धातूवर जिवाणूंना एकदा थर धरता आला की प्रतिजैविकांना आणि पेशींनाही तो सहज भेदता येत नाही, आणि मग पुष्कळदा प्लेट काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

मी आता जिलेटिनचे प्रमाण दोन्ही जेलमध्ये सारखेच ठेवते आणि कडकपणा फक्त जेल घट्ट करणारा प्रकाश किती वेळ द्यायचा यावरून बदलते. जिलेटिनही कमी एंडोटॉक्सिनचे घेते. फरक पूर्वीच्या मानाने अगदी लहान दिसतो, पण पॉलिमिक्सिन बी घातले तरी तो जात नाही. तो खरा असेल, तर कडक पृष्ठभागावर पेशी जास्त पसरते याच्याशी त्याचा संबंध असावा, असा माझा अंदाज आहे. दिवाळीहून परतल्यावर जिलेटिनची नवी बाटली आली होती. ती उघडून मी सर्वांत आधी एलएएल चाचणी लावली, आणि मगच रक्तपेढीला फोन केला.